बुद्धांच्या घरच्यांना कुणी तारले?

भगवान बुद्ध ज्या घरात जन्मले त्या घराचा उद्धार झाला, आई-वडील, मावशी, पत्नी, पुत्र, भाऊ, सारथी असे सगळे त्यांच्या पुण्याईने तरले, आणि ज्याला त्यांचा सहवास लाभला त्याला निर्वाण आपसूक मिळाले, असे एक मत आपल्याकडे मोठ्या श्रद्धेने सांगितले जाते. वर्षावासाच्या प्रवचनांत ते ऐकू येते, चरित्रपर पुस्तिकांत ते छापले जाते, आणि ऐकणाऱ्याला गोडही वाटते. एका संताच्या जन्माने बेचाळीस कुळे उद्धरली असे म्हणायची आपल्या मातीची जुनी सवय आहे. त्याच सवयीने आपण शाक्यकुळाकडे पाहतो. हे मत मला मान्य नाही. ते बुद्धांच्या शिकवणीशी जुळत नाही, पालि ग्रंथांतल्या पुराव्याशी जुळत नाही, आणि ज्या माणसांच्या गौरवासाठी ते मांडले जाते त्यांच्यावरच त्याने मोठा अन्याय होतो. म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला गरजेचे वाटते.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात शाक्यकुमारांच्या प्रव्रज्येची, म्हणजे घर सोडून भिक्खू होण्याची, हकीकत आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल आणि देवदत्त असे सहा जण घर सोडून निघाले. सोबत सातवा उपाली, त्यांचा न्हावी. शाक्यांची सीमा ओलांडल्यावर कुमारांनी अंगावरचे दागिने उतरवले, गाठोडे बांधून उपालीच्या हाती दिले आणि त्याला परत जायला सांगितले. एवढ्यावर तुझे पोट चालेल, असे म्हणाले. उपाली थोडा मागे गेला आणि थबकला. दागिने घेऊन आपण एकटेच परतलो तर तापट शाक्य म्हणतील की यानेच कुमारांचा घात केला, आणि आपला जीव घेतील. त्याने गाठोडे झाडाला टांगले, ज्याच्या नजरेस पडेल त्याने न्यावे असे म्हणून सोडून दिले, आणि तो कुमारांच्या मागोमाग आला. अनुपियाला बुद्धांपुढे उभे राहिल्यावर या शाक्यांनी एक मागणी केली. आम्ही शाक्य फार अभिमानी आहोत. हा उपाली आमचा जुना सेवक. याला आमच्या आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे याला वंदन करताना, याच्यापुढे हात जोडताना आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. बुद्धांनी तसेच केले.

पुढे काय झाले तेही तिथेच सांगितले आहे. त्याच वर्षावासात भद्दिय तीन विद्या मिळवून मुक्त झाला. अनुरुद्धाला दिव्यचक्षू लाभले. आनंद स्रोतापन्न झाला, म्हणजे मार्गाच्या पहिल्या पायरीवर आला. देवदत्ताला मात्र नुसती लौकिक ऋद्धी मिळाली, जी अज्ञ माणसालाही मिळू शकते. कुळ एक, दिवस एक, प्रव्रज्या देणारे बुद्ध एकच, ऐकलेला उपदेश एक. फळे मात्र वेगवेगळी, आणि एकाचे तर उलटेच. नात्यामुळे मुक्ती मिळते असे मानणाऱ्याने आधी या एका वर्षावासाचा उलगडा करून दाखवावा.

देवदत्त हा अपवाद आहे, असे यावर उत्तर मिळते. पण तो फार जवळचा अपवाद आहे. थेरवादी परंपरेत तो सुप्पबुद्धाचा मुलगा, म्हणजे यशोधरेचा सख्खा भाऊ. इतर काही परंपरांत आनंदाचा भाऊ. कसेही मोजले तरी तो घरातलाच. त्याने धनुर्धारी पाठवले, गिधाडकूट डोंगरावरून शिळा लोटली, नालागिरी हत्ती सोडला, आणि शेवटी वैशालीचे पाचशे नवे भिक्खू फोडून गयासीसावर नेले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनी जाऊन ते परत आणले. देवदत्ताच्या वाट्याला कल्पभराचा नरक आला असे विनयपिटक सांगते. नरक शब्दशः मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझा मुद्दा त्यावर उभा नाही. बुद्धांच्या घरातल्याच माणसाला परंपरेने सर्वात खालच्या जागी ठेवले आणि तसे ठेवताना नात्याची भीड बाळगली नाही, एवढे मला पुरेसे आहे. बुद्धांचे सासरे सुप्पबुद्ध यांचीही अट्ठकथेत, म्हणजे पालि भाष्यात, हीच गत आहे. जावयाची वाट अडवून बसलेल्या त्या माणसाला धरणीने गिळले, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. पुढच्या काळात देवदत्ताबद्दल परंपरा मवाळ झाली हे खरे. मिलिंदपञ्हात तो दूरच्या भविष्यात प्रत्येकबुद्ध होईल असे सांगितले आहे, तर सद्धर्मपुंडरीकात त्याला देवराज नावाचा बुद्ध होण्याचे भाकीत मिळते. पण पुंडरीकात त्याचे कारणही दिले आहे. पूर्वजन्मी तो ऋषी होता, त्याने एका राजाला धर्म शिकवला, आणि तो राजा म्हणजे पुढचे शाक्यमुनी. म्हणजे सगळ्यात उदार परंपरासुद्धा देवदत्ताला सोडवते ती त्याच्या स्वतःच्या एका चांगल्या कृत्यापायी. तो बुद्धांचा भाऊ आहे हे कारण तिला सुचत नाही.

रक्ताचे राहू द्या, सहवासाने तरी तरतो की नाही, असा दुसरा मुद्दा येतो. याला उत्तर आनंदाच्या आयुष्यात आहे, आणि ते आयुष्य इतके हृद्य आहे की त्यावर थोडे थांबायला हवे.

पंचवीस वर्षे आनंद बुद्धांचा उपस्थाक होता. त्यांचे पाणी, अंथरूण, भिक्षापात्र, भेटीला येणारी माणसे, प्रवासाची आखणी, सगळे त्याच्याकडे. ही सेवा पत्करताना त्याने अटी घातल्या होत्या: बुद्धांना मिळालेले उत्तम चीवर आपल्याला देऊ नये, त्यांच्या वाट्याचे अन्न देऊ नये, आपल्याला त्यांच्या कुटीत राहायला सांगू नये. जवळिकीतून लाभ होतो असा संशयही कुणाला येऊ नये, याची एवढी काळजी त्याने घेतली. इतका जवळचा माणूस या पंचवीस वर्षांत अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला नाही. पहिल्या वर्षावासात तो जिथे पोहोचला होता, कुशीनगरला बुद्ध शेवटच्या शय्येवर पडले तेव्हाही तो तिथेच होता. महापरिनिब्बान सुत्तात तो विहारात जाऊन दाराच्या चौकटीला टेकून रडतो. मी अजून शिकणाराच आहे, माझे बरेच करायचे राहिले आहे, आणि माझ्यावर माया करणारे शास्ते निघाले, असे त्याचे दुःख आहे. बुद्ध त्याला बोलावून घेतात. तुझ्या सेवेचे फळ म्हणून मी तुला मुक्त करतो, असे ते म्हणत नाहीत. तू दीर्घकाळ मैत्रीने सेवा केलीस, पुण्य जोडलेस, आता प्रयत्नाला लाग, लवकरच मुक्त होशील, असे सांगतात. त्या घडीलाही बुद्ध त्याला प्रयत्नच करायला सांगतात.

त्यानंतर राजगृहाची पहिली संगीती. महाकस्सपांनी निवडलेले 499 भिक्खू अर्हत होते. आनंद शिकणारा असला तरी त्याला घ्यावे, कारण त्याने शास्त्यांच्या मुखातून सर्वाधिक ऐकले आहे, असा इतर भिक्खूंचा आग्रह पडला म्हणून त्याचे नाव धरले. बुद्धांचा भाऊ, बुद्धांची सावली, आणि तरी सभेत बसायची पात्रता त्याच्यापाशी अजून नव्हती. ही गोष्ट त्याला सर्वात जास्त टोचली. संगीतीच्या आदल्या रात्री तो कायानुस्मृतीत जागत राहिला. पहाटेकडे थोडे आडवे व्हावे म्हणून वळला, आणि पाय जमिनीवरून उचललेले, डोके उशीला अजून टेकलेले नाही, अशा मधल्या क्षणी त्याचे चित्त मुक्त झाले. पंचवीस वर्षांच्या अखंड सहवासात न घडलेली गोष्ट बुद्ध गेल्यावर काही महिन्यांत घडली, आणि ती घडली तेव्हा तो खोलीत एकटा होता.

बुद्धांना हा धोका ठाऊक होता. माझ्या संघाटीचे टोक धरून पावलावर पाऊल टाकत चालणारा भिक्खू लोभी आणि द्वेषी असेल तर तो माझ्यापासून दूरच आहे, आणि शंभर योजनांवर राहणारा निर्लोभी माणूस माझ्या जवळ आहे, अशा अर्थाचे त्यांचे वचन इतिवुत्तकात आहे. सुनक्खत्त लिच्छवी काही काळ त्यांचा उपस्थाक होता. तो संघ सोडून गेला आणि वैशालीत त्यांची निंदा करत फिरला. उलट आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याविषयी बुद्धांना खरी कृतज्ञता होती, बोधीनंतर पहिला उपदेश त्यांनाच करावा असे मनात आले होते. पण आळार सात दिवसांपूर्वी आणि उद्दक आदल्या रात्रीच वारले होते. बुद्धांच्या नुसत्या आत्मीयतेत कुणाला तारण्याचे सामर्थ्य असते, तर ज्यांच्यापाशी बसून ते ध्यान शिकले ते हे दोघे आधी तरले असते.

आता राहुल. पुत्राने पित्याकडे वारसा मागावा असे आईने त्याला शिकवून पाठवले आणि बुद्धांनी त्याला सारिपुत्ताकरवी प्रव्रज्या दिली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. बुद्धांचा पिता शुद्धोदन आला आणि म्हणाला की तू गेलास तेव्हा दुःख झाले, माझा दुसरा मुलगा नंद गेला तेव्हा झाले, राहुल गेला तेव्हा तर ते त्वचा, मांस, हाडे भेदून मज्जेपर्यंत गेले. यापुढे आई-वडिलांच्या संमतीवाचून कुणा मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ते ऐकले आणि तसा नियम केला. घरच्या माणसाचे दुःख त्यांनी सर्वांसाठीच्या नियमात आणले. माझ्या मते नात्याला त्यांनी दिलेला खरा मान हाच.

राहुलाला मिळालेला वारसा म्हणजे कष्टाचे शिक्षण होते. अंबलट्ठिकेला बुद्ध त्याच्याकडे गेले, पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडे पाणी त्याला दाखवले, मग ते ओतून टाकले, भांडे पालथे केले, आणि जाणूनबुजून खोटे बोलायची लाज नसलेल्या माणसाचे श्रमणपण असे रिकामे असते हे त्याला समजावले. बुद्धांनी आपल्या मुलाला दिलेली ही समज अशोकाला इतकी मोलाची वाटली की राजस्थानात बैराटजवळच्या शिलालेखात, जो 1840 मध्ये उजेडात आला, भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत अशा धम्मपर्यायांत त्याने राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश नावाने नोंदवला. सुत्तनिपातातल्या राहुलसुत्तात तर बुद्ध त्याला थेट विचारतात की रोजच्या सहवासामुळे तू ज्ञानी माणसाला कमी लेखत तर नाहीस ना. म्हणजे ज्या सहवासाला आपण मुक्तीची हमी मानतो, तो बुद्धांना आपल्या मुलाच्या बाबतीत काळजीचा विषय वाटत होता. त्यानंतरही महाराहुलोवाद आहे, आणि राहुलाचे चित्त परिपक्व झाले असे पाहून त्याला अंधवनात नेऊन केलेला तो शेवटचा उपदेश आहे, ज्याच्या अखेरीस तो अर्हत झाला. शिकण्याची आवड असणाऱ्यांत अग्रगण्य, असे बुद्धांनी त्याला म्हटले आहे. त्याची ओळख त्यांनी कुळावरून किंवा पुत्रत्वावरून सांगितली नाही.

आई-वडिलांचे थोडक्यात सांगतो, कारण मूळ सुत्तांत त्यांच्याविषयी फार नाही. महामाया सात दिवसांत गेली. अट्ठकथा सांगते की बुद्धांनी एक अख्खा वर्षावास तावतिंस देवलोकात तिला अभिधम्म शिकवण्यात घालवला. शुद्धोदनाबद्दल अट्ठकथेत आहे की तो एकेक उपदेश ऐकत एकेक पायरी चढला आणि मृत्युशय्येवर अर्हत झाला. या कथा इतिहास म्हणून घ्या किंवा घेऊ नका. त्या रचणाऱ्यांनाही बुद्धांची आई केवळ आई म्हणून मुक्त झाली असे लिहावेसे वाटले नाही. तिलाही तीन महिने बसून ऐकावे लागले.

या गोड मताने सर्वात जास्त हानी केली आहे ती घरातल्या स्त्रियांची. महाप्रजापती गौतमीने बुद्धांना दूध पाजले, वाढवले. कपिलवस्तूच्या निग्रोधारामात तिने तीनदा प्रव्रज्या मागितली आणि तीनदा तिला नकार मिळाला. मग तिने केस कापले, काषाय वस्त्रे नेसली, शाक्य स्त्रियांना सोबत घेऊन वैशालीपर्यंत चालत आली, आणि सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने दाराबाहेर रडत उभी राहिली. आनंदाने तिची बाजू मांडली तेव्हा आधी विचारले की स्त्री चारही फळे मिळवू शकते की नाही. बुद्ध हो म्हणाले. त्यानंतर आनंदाने ती सांभाळणारी मावशी असल्याची आठवण दिली. प्रतिपक्षाने या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवले तर मी ते नाकारत नाही. नात्याचा उल्लेख तिथे आहेच. पण युक्तिवादाचा पाया आधीच्या प्रश्नात आहे, आणि जे दार उघडले ते एका मावशीसाठी उघडले नाही, सगळ्या स्त्रियांसाठी उघडले. त्यासोबत आलेल्या आठ अटी मला खुपतात आणि त्या मुळातल्या आहेत का याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण तो या लेखाचा विषय नाही. दक्खिणाविभंग सुत्तात हीच गौतमी स्वतः सूत कातून, स्वतः विणून वस्त्रांची जोडी आणते आणि बुद्धांनी ती वापरावी म्हणून विनवते. संघाला दे, असे ते म्हणतात, पुन्हा पुन्हा तेच म्हणतात. पोटच्या पोरासारखे वाढवलेल्याला आईने दिलेले वस्त्रही नात्याच्या हिशेबात जमा होऊ नये, इतकी ही काटेकोरी आहे. अशा बाईला 'बुद्धांची मावशी म्हणून तरली' असे म्हणणे म्हणजे तिचे सुजलेले पाय पुसून टाकणे आहे.

यशोधरेचे तर नावसुद्धा मूळ ग्रंथांत जेमतेम येते. बहुतेक ठिकाणी ती राहुलमाता आहे. ही मोकळी जागा आपण तिच्या अश्रूंनी भरली. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेल्या भव्य बुद्धांपुढे लहानगी आई आणि मूल उभे आहेत, आणि ते चित्र पाहून गलबलून येते. सोळाव्या लेण्यात नंदाच्या पत्नीचा शोकही तसाच आहे. त्या चित्रकारांच्या करुणेला माझे वंदन. पण चित्रातल्या त्या क्षणानंतरही यशोधरेचे आयुष्य होते. अंगुत्तरनिकायात महाअभिज्ञा मिळवलेल्यांत अग्रगण्य म्हणून भद्दकच्चाना या भिक्खुणीचे नाव येते आणि अट्ठकथा तिलाच राहुलमाता मानते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात यशोधरेला निजलेली आणि फसवली गेलेली दाखवले नाही. तिथे ती जागी आहे, पतीचा निर्णय ऐकते, त्याला मनापासून पाठिंबा देते, आणि राहुल नसता तर आपणही परिव्रज्या घेतली असती असे सांगते. त्याआधी गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी अरियपरियेसन सुत्ताकडे लक्ष वेधले होते; आई-वडील रडत असताना, त्यांच्यादेखत सिद्धार्थ घराबाहेर पडले असे तिथे बुद्ध स्वतः सांगतात. मध्यरात्रीच्या पलायनाची कथा बाजूला ठेवली की घरची माणसे विचार करणारी, हट्ट करणारी, पुढे स्वतःचा मार्ग धरणारी माणसे म्हणून दिसू लागतात.

प्रतिपक्षाकडे आणखी तीन भक्कम पुरावे आहेत आणि त्यांना बगल देणे मला योग्य वाटत नाही.

पहिला, अट्ठकथेतली अधिकार-परंपरा. बुद्धांचे माता, पिता, उपस्थाक आणि पुत्र व्हायला एक लाख कल्पांचा संकल्प लागतो, असे सुत्तनिपाताची अट्ठकथा सांगते. मग त्यांचे भवितव्य आधीच ठरलेले होते, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष उलटा आहे. ज्या जागेसाठी लाख कल्प दान, शील आणि क्षांती यांची साधना करावी लागते ती जागा जन्माने मिळालेली म्हणता येत नाही. अट्ठकथाकार सांगत आहेत ते असे की बुद्धांचे नाते हेच त्या माणसांच्या कर्माचे फळ होते. नाते आधी आणि योग्यता मागाहून, असा क्रम त्यांनी कुठेही लावलेला नाही.

दुसरा पुरावा विनयातला आहे. अन्य पंथातून येणाऱ्याला उपसंपदेआधी चार महिने परिवास करावा लागे. शाक्याला मात्र त्यातून सूट होती, आणि ही आपल्या ज्ञातींना दिलेली खास सवलत आहे असे बुद्धांच्याच तोंडी महावग्गात आहे. हे कलम आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण सवलत कशात दिली ते पाहा. दारात थांबवण्याच्या मुदतीत. त्याच ठिकाणी अग्निपूजक जटिलांनाही तीच सूट आहे, कारण ते कर्म मानणारे होते, आणि जटिल काही शाक्यांचे सोयरे नव्हते. आत आल्यावर शील, समाधी आणि प्रज्ञा यांच्या बाबतीत शाक्याला एक दिवसाचीही सूट नाही.

तिसरा पुरावा सरकानि शाक्याचा. तो वारल्यावर बुद्धांनी त्याला स्रोतापन्न म्हटले, तेव्हा शाक्यच कुरकुरू लागले: हा तर दारू प्यायचा, असा माणूस स्रोतापन्न असेल तर मग कोण नसेल? वरवर पाहता हा आप्तपक्षपातच वाटतो. पण हे उत्तर महानाम शाक्याला देताना बुद्धांनी नात्याचा शब्दही काढला नाही. तो दीर्घकाळ शरण गेलेला होता आणि मरणसमयी त्याने शिक्षा पूर्ण केली, एवढे कारण दिले. आणि समोरच्या महासालवृक्षांना सुभाषित समजले असते तर त्यांनाही मी स्रोतापन्न म्हटले असते, असेही सांगितले. कुरकुर करणारे मात्र सगळे नात्यातले होते.

याच महानामाने आणखी एकदा आपली भीती बोलून दाखवली होती. कपिलवस्तू गजबजलेले, संध्याकाळी मी शहरात शिरतो तेव्हा उधळलेले हत्ती, घोडे, रथ, गाड्या अंगावर येतात, बुद्ध-धम्म-संघाचे स्मरण सुटते, त्या क्षणी मेलो तर माझे काय होईल? अनुरुद्धाचा भाऊ, बुद्धांचा चुलतभाऊ हा प्रश्न विचारतो आहे. तू माझा भाऊ, तुला कसली भीती, हे उत्तर किती सोपे होते! बुद्ध म्हणाले, भिऊ नकोस, तुझे चित्त श्रद्धा, शील, श्रुत, त्याग आणि प्रज्ञा यांनी दीर्घकाळ मुरलेले आहे. पूर्वेला झुकलेले झाड मुळाशी तोडले तर पूर्वेलाच पडते.

आणि त्याच शाक्यकुळाचे शेवटी काय झाले? कोसलचा राजा पसेनदी याने शाक्यकन्या मागितली. आपले रक्त बाहेर जाऊ नये म्हणून शाक्यांनी महानामाला दासीपासून झालेली वासभखत्तिया कुलीन म्हणून दिली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी आला तेव्हा तो बसला होता ती जागा दुधापाण्याने धुतली गेली. ते त्याच्या कानी पडले आणि पुढे त्याने शाक्यांची कत्तल केली. बुद्धांनी तीन वेळा वाटेत विरळ सावलीच्या झाडाखाली बसून त्याला माघारी फिरवले. चौथ्या वेळी ते गेले नाहीत, कारण शाक्यांचे कर्म आपल्याला अडवता येणार नाही हे त्यांनी ओळखले, असे अट्ठकथा सांगते. बुद्ध हयात असताना त्यांच्या कुळाचा संहार झाला, आणि त्याला कारण झाला तोच कुळाचा अभिमान. कुळाच्या उद्धाराची भाषा करणाऱ्यांनी या कथेपुढे उभे राहून ती करून पाहावी.

हा वाद पुरातन वंशावळीचा नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांच्यापैकी कुणाच्याही अंगात शाक्यांचे रक्त असण्याची गरज नव्हती, आणि जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था नाकारायलाच ते तिथे आले होते. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हे बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. अशा लोकांपुढे बुद्धांच्या नातलगांचा जन्मसिद्ध उद्धार सांगणे म्हणजे सोडून आलेली पायरी विहाराच्या दारात पुन्हा बसवणे होय. आपले पूर्वज शोधायचे तर ते अनुपियाच्या रांगेत सापडतात, पण त्या रांगेत पहिला उभा होता तो उपाली. राजगृहाच्या संगीतीतही महाकस्सपांनी आधी त्याला विनय विचारला आणि मग आनंदाला धम्म.

शेवटी छन्नाचे सांगायलाच हवे, कारण मी ज्या मताचा प्रतिवाद करतो आहे ते सर्वात आधी त्यानेच मांडले आहे. परंपरा त्याला सिद्धार्थाचा सारथी मानते, घर सोडण्याच्या रात्री कन्थक घोड्यासह सोबत गेलेला. भिक्खू झाल्यावर कौशांबीच्या घोसितारामात कुणी त्याची चूक दाखवली की तो म्हणे, तुम्ही मला काय सांगता, मीच तुम्हाला सांगायला हवे. बुद्ध आमचा, धम्म आमचा, आमच्या आर्यपुत्राने तो साक्षात केला. जवळिकीचा एवढा उघड दावा विनयपिटकात दुसऱ्या कुणी केलेला नाही. बुद्धांनी तो सोडून दिला नाही. महापरिनिर्वाणाच्या काही काळ आधी, अगदी थोड्या सूचनांत एक सूचना या सर्वात जुन्या सोबत्याबद्दल होती: छन्नाला ब्रह्मदंड द्यावा, तो काहीही बोलला तरी कुणी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये, समज देऊ नये. संगीतीनंतर हा दंड सांगायला आनंद कौशांबीला गेला. ऐकताच छन्न मूर्च्छित पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, माझ्याशी कुणीच बोलणार नसेल तर माझा नाशच झाला. मग तो खचलेला, शरमलेला माणूस एकटा राहू लागला, अप्रमादाने झटू लागला, आणि अर्हत झाला. तो आनंदाकडे आला आणि म्हणाला, भन्ते, आता माझा ब्रह्मदंड उठवा. आनंदाने उत्तर दिले की छन्ना, ज्या घडीला तू अर्हत्व साक्षात केलेस त्याच घडीला तो दंड सुटला. मी उठवायचे काही उरलेले नाही.